दहा वर्षांच्या वॉरंटीमागचा कायदा आणि कार्डावरची बारीक अक्षरे

बाहेरच्या रंगावर सात वर्षे, वॉटरप्रूफिंगवर दहा, प्लायवूडवर तर ‘आजीवन’. हे आकडे कंपन्या जाहीर करतात, पण त्यांच्याखालचा पाया 1930 सालचा आहे. त्याआधी मालविक्रीचे नियम 1872 च्या करार कायद्यात एका प्रकरणापुरते होते. ते काढून 1893 च्या इंग्लंडमधल्या कायद्याच्या धर्तीवर मालविक्री कायदा झाला, आणि तो आजही लागू आहे.

या कायद्याच्या कलम 12 ने विक्रीतल्या आश्वासनांचे दोन भाग केले. व्यवहाराचा मूळ हेतूच ज्यावर अवलंबून आहे ती अट. ती मोडली तर माल नाकारता येतो. बाकीची दुय्यम आश्वासने म्हणजे वॉरंटी. ती मोडली तर फक्त नुकसानभरपाई. वॉरंटी कार्डावर ‘बदलून देऊ किंवा दुरुस्त करू, निर्णय कंपनीचा’ असे का असते, त्याचे मूळ बरेचसे इथे सापडते.

कलम 16 रोजच्या खरेदीत जास्त उपयोगी आहे. ‘बाथरूमच्या दारासाठी प्लाय हवे’ असे सांगून दुकानदाराच्या माहितीवर विसंबून माल घेतला, तर तो त्या कामाला योग्य असलाच पाहिजे, कार्ड असो वा नसो. मात्र ‘अमुक ब्रँडचेच द्या’ असे नाव घेऊन मागितले, की हे संरक्षण बरेचसे सुटते. म्हणून बिलावर वापराची जागा लिहून घ्यावी. शिवाय कलम 62 नुसार दोन्ही बाजू ठरवून असे गृहीत हक्क वगळूही शकतात. कार्डांवरच्या अपवादांची लांबलचक यादी ही त्याच सवलतीची संतती.

हक्क होता, पण तो वापरायचा तर दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागे. तीनशे रुपयांच्या नळासाठी कोण चढणार? 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. 1984 मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्यात दुरुस्ती होऊन, पुरेशी चाचणी न करता टिकाऊपणाची हमी देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरली. मग 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्यातली ‘दोष’ या शब्दाची व्याख्या मोठी कामाची आहे: विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याला माल उतरला नाही, तर तोही दोषच. म्हणजे होर्डिंगवरचा दावासुद्धा धरता येतो. कार्डाचा फोटो काढतो तसा जाहिरातीचाही काढून ठेवावा.

कायदा ग्राहकाकडे झुकत गेला तशी कार्डे वर्षांनी लांब आणि अटींनी अरुंद होत गेली. गिझरच घ्या. साधारणपणे टाकीवर पाच ते सात वर्षे, एलिमेंटवर त्याहून कमी, पूर्ण यंत्रावर दोनच्या आसपास. फरकाला कारण आहे. टाकी आतल्या काचेच्या लेपाने आणि मॅग्नेशियमच्या अॅनोड रॉडने तगते. हा रॉड स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो. बोअरच्या जड पाण्यात एलिमेंटवर क्षार चढतो आणि रॉडही वेळोवेळी तपासावा लागतो. तो संपला की टाकी गंजते, आणि ‘रॉड वेळेत बदलला नाही’ म्हणून क्लेम फेटाळला जातो. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे ठिबकणारा सेफ्टी व्हॉल्व्ह प्लंबरने बूच मारून बंद करणे. वॉरंटी राहिली बाजूला, हे सरळ धोकादायक आहे.

बाहेरच्या रंगात सगळे तयारीवर ठरते. नवे प्लास्टर 28 दिवस सुकले का, प्रायमर त्याच कंपनीचा होता का, दोन हात पूर्ण दिले का, पाणी ठरल्यापेक्षा जास्त मिसळले का. गच्चीतून किंवा पाइपमधून झिरपलेल्या ओलीने पोपडे आले तर बहुतेक कार्डे हात वर करतात. क्लेम मंजूर झाला तरी अनेकदा मिळतो तो फक्त खराब भागापुरता रंग. पराची आणि मजुरी, जी रंगापेक्षा महाग पडते, ती मालकाच्या माथी. प्लायवूडचा घोळ वेगळाच: आयएस 710 चा (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायच्या मानकाचा) शिक्का असलेली बाजू सनमायकाखाली गाडली जाते आणि मग माल कोणता होता हेच सिद्ध करता येत नाही. फोटो सनमायका चिकटवण्याआधीच काढायचा.

नव्या फ्लॅटमध्ये गळती असेल तर रंगाच्या कंपनीमागे धावू नये. महाराष्ट्राच्या 1963 च्या फ्लॅट मालकी कायद्यात दोषदुरुस्तीची मुदत तीन वर्षे आहे. रेरा या 2016 च्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम 14 ने ती ताब्यापासून पाच वर्षे केली, आणि कळवल्यावर 30 दिवसांत बिल्डरने मोफत दुरुस्ती करायची आहे.

1986 च्या कायद्याच्या जागी आलेल्या 2019 च्या ग्राहक कायद्यात उत्पादन दायित्वाचे, म्हणजे सदोष मालामुळे झालेल्या इजेच्या किंवा नुकसानीच्या भरपाईचे, प्रकरण आले, जुलै 2020 पासून लागू झाले. लेखी वॉरंटीप्रमाणे माल नसेल तर ‘आमचा निष्काळजीपणा नव्हता’ ही सबब उत्पादकाला चालत नाही. पण खोच अशी, की खुद्द वस्तूचे नुकसान या प्रकरणात बसत नाही. त्यासाठी नेहमीची ‘दोषा’ची तक्रारच करावी लागते. 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने घरगुती उपकरणांच्या उद्योगाला वॉरंटी खरेदीऐवजी बसवण्याच्या तारखेपासून मोजायला सांगितले. फ्लॅटचा ताबा लांबला आणि गिझर खोक्यात पडून राहिला, तर हा फरक अनेक महिन्यांचा होतो. मात्र ती सूचना होती, कायदा नव्हे. म्हणून बसवल्याची तारीख कार्डावर सही-शिक्क्यासह घ्यावी.

तक्रार आता राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षे. वॉटरप्रूफिंग सहाव्या वर्षी गळले तर तिथून दोन वर्षे मोजायची, आणि त्या काळात कंपनीला कितीही ईमेल पाठवले तरी नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही.