पाणी पंचायत आणि पाणी वापर संस्था: हक्क माणसाचा की सात-बाराचा?

'आमच्याकडे पाणी पंचायत आहे' असं सांगणारा माणूस बऱ्याचदा पाणी वापर संस्थेबद्दल, म्हणजे सरकारी कालव्याचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेबद्दल बोलत असतो. ओडिशाने तर २००२ च्या कायद्यात कालव्यावरच्या संस्थांना पाणी पंचायत हेच नाव देऊन टाकलं, म्हणजे घोळात भरच. वरवर पाहता दोन्हीकडे एकच चित्र दिसतं: शेतकरी एकत्र येतात, पाळ्या ठरवतात, पाणीपट्टी गोळा करतात. पाण्यावर हक्क कशामुळे मिळतो, हे विचारलं की मात्र दोन्हीकडची उत्तरं अगदी उलट येतात.

पाणी पंचायत निघाली १९७२ च्या दुष्काळातून. पुण्याचे अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला देवस्थानची माळरान जमीन भाडेपट्ट्याने घेतली. पाणी अडवलं, विहीर खोदली, उपसा बसवला आणि कमी पावसात काय पिकतं ते करून दाखवलं. मग ग्राम गौरव प्रतिष्ठानमार्फत गावोगाव सामुदायिक उपसा योजना उभ्या राहिल्या. त्यांचा नियम असा की पाणी माणशी मिळणार: दरडोई अर्ध्या एकराचं आणि कुटुंबाला फार तर अडीच एकराचं. पाच माणसांच्या घरात वीस एकर असो की तीन, पाणी अडीच एकराचंच. जमीन विकली तरी तिच्यासोबत पाण्याचा हक्क जात नाही. भूमिहीनालाही वाटा आहे. तो दुसऱ्याची जमीन अर्धेलीने करून ते पाणी वापरू शकतो. ऊस लावायचा नाही, केळीही नाही. योजनेच्या खर्चातला वाटाही लाभार्थींनी आधी भरायचा. एवढ्या कडक अटी गावकऱ्यांनी मान्य केल्या, हेच मला त्या योजनांपेक्षा मोठं काम वाटतं.

पाणी वापर संस्थेचा जन्म वेगळा. धरण सरकारचं, कालवा सरकारचा, पण चारीवरच्या, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या पाटावरच्या वाटपात पाटबंधारे खात्याचा जीव मेटाकुटीला आलेला. वरच्यांची शेतं तुंबायची आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) संपल्याची बातमी तेवढी मिळायची. यावर उपाय म्हणून लघुवितरिकेच्या (कालव्याच्या छोट्या फाट्याच्या) तोंडाशी पाणी मोजून संस्थेला ठोक द्यायचं आणि पुढचं वाटप, वसुली, डागडुजी तिच्यावर सोपवायची, ही कल्पना पुढे आली. नाशिककडे ओझरला समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या सुमारास अशा संस्था उभ्या केल्या आणि पुढे वाघाड प्रकल्पाचं वाटप सगळंच शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आलं. २००५ साली राज्याने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. संचालक मंडळावर शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असावेत, ही त्यातली तरतूद टेलवाल्यांचं दुखणं ओळखून केलेली आहे.

पण इथे सभासद कोण? लाभक्षेत्रात, म्हणजे प्रकल्पाचं पाणी पोचतं त्या भागात ज्याची जमीन आहे तो. वाटा क्षेत्राच्या प्रमाणात, म्हणजे वीस एकरवाल्याला दोन एकरवाल्याच्या दहापट पाणी. भूमिहीन या हिशेबातच नाही. पिकाची निवडही मोकळी: ठरलेल्या कोट्यात द्राक्ष लावा, गहू लावा, नाहीतर ऊस. एकीकडे ऊसबंदी आणि दुसरीकडे पीक स्वातंत्र्य, या दोन्ही गोष्टींची 'लोकसहभाग' म्हणून एकाच दमात स्तुती होते, याची मला गंमत वाटते.

न्यायाच्या बाबतीत पाणी पंचायत उजवी, यात मला शंका नाही. मात्र ती आपखुशीच्या शिस्तीवर चालते. कायद्याचं पाठबळ नाही आणि उपशाचं वीजबिल दर महिन्याला येतं. पुष्कळ योजना पुढे बंद पडल्या. पाणी वापर संस्थेमागे कायदा आहे, पण धरणातून ठरलेलं पाणी आलंच नाही तर ती वाटणार काय? अशा कित्येक संस्था नोंदणीपुरत्याच उरल्या आहेत.

उपसा योजनेचीही पाणी वापर संस्था होऊ शकते, त्यामुळे मोटार दिसली की पाणी पंचायत, असं समजू नका. गावात एकच विचारा: शेत विकलं तर पाण्याचा हक्क कुणाकडे जातो? 'घेणाऱ्याकडे' असं उत्तर आलं तर ती साळुंख्यांची पाणी पंचायत नव्हे, मग फलकावर नाव काहीही असो.