नैसर्गिक जलतरणस्थळांचे जतन

नदीचे डोह, तळी, सरोवरे, झऱ्यांची कुंडे आणि समुद्रकिनारे यांपैकी ज्या जागी लोक पिढ्यान्‌पिढ्या पोहत आले आहेत, त्या जागा पोहण्याजोग्या व सर्वांना खुल्या राहाव्यात यासाठी होणाऱ्या कायदेशीर, तांत्रिक आणि सामाजिक प्रयत्नांचा या विषयात अंतर्भाव होतो. बांधीव तरणतलावातील पाणी क्लोरीनने निर्जंतुक केलेले असते. येथील पाणी प्रवाह, झरे, पाणवनस्पती आणि सूक्ष्मजीव यांच्या जोरावर स्वच्छ राहते. त्यामुळे नुसता काठ सांभाळून भागत नाही, पाणी जेथून येते तो सगळा पाणलोट सांभाळावा लागतो. मानवनिर्मित जलाशयही कालांतराने या वर्गात येऊ शकतात. लंडनमधील हॅम्पस्टेड हीथची प्रसिद्ध तळी मुळात शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी तयार केलेली होती.

मानसिक लाभ. व्यायामाचा फायदा तरणतलावातही मिळतो. नैसर्गिक पाण्याने त्यात काय भर पडते, हा खरा प्रश्न आहे. रेचेल व स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याच्या सिद्धांतानुसार, दिवसभर हेतुपुरस्सर एकाग्र राहून थकलेले लक्ष हे लाटा, पानांची सळसळ, पाण्यावर हलणारा उजेड अशा आपोआप मन वेधणाऱ्या गोष्टींच्या सहवासात पुन्हा ताजे होते. काठावर बसलेल्याला हे दृश्य समोर दिसते, पोहणाऱ्याच्या ते चहूबाजूंनी असते. शिवाय पाण्यात मोबाइल नेता येत नाही, आणि हा लाभही किरकोळ समजू नये.

थंड पाण्याचा परिणाम अधिक थेट असतो. साधारण १५ अंश सेल्सिअसखालच्या पाण्यात उतरताच श्वास एकदम आत ओढला जातो, मग तो भराभर चालू लागतो, नाडी आणि रक्तदाब चढतात. हा धक्का पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वांत तीव्र असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. तेवढा वेळ श्वासाखेरीज दुसरा विचार मनात टिकत नाही. वारंवार उतरणाऱ्यांमध्ये धक्क्याची तीव्रता कमी होत जाते, आणि शरीराने एका ताणाशी केलेली ही जुळवणी इतर ताणांतही उपयोगी पडत असावी, असे काही शास्त्रज्ञांना वाटते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १४ अंशांच्या पाण्यात तासभर मानेपर्यंत बसलेल्या तरुणांच्या रक्तातील नॉरॲड्रेनलिन (शरीराला सावध करणारे संप्रेरक) सुमारे ५३० टक्क्यांनी आणि डोपामीन (उत्साह व समाधानाशी निगडित रसायन) २५० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. नैराश्यासाठी औषधे घेणाऱ्या २४ वर्षांच्या एका स्त्रीची औषधे दर आठवड्याच्या खुल्या पाण्यातील पोहण्यानंतर हळूहळू बंद करता आली, अशी नोंद एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये छापून आली. मात्र एका रुग्णावरून उपचार सिद्ध होत नाही. जे नियमित पोहतात त्यांची प्रकृती मुळातच बरी असण्याचाही संभव असतो. थंड पाणी म्हणजे रामबाण औषध, असा जो अलीकडे गाजावाजा चालतो, तो उपलब्ध पुराव्याच्या बराच पुढे गेलेला आहे.

सामुदायिक लाभांविषयी प्रयोगशाळेतले आकडे देता येत नाहीत, पण ते अधिक टिकाऊ दिसतात. पोहण्याच्या कपड्यांत माणसाचा हुद्दा लपतो. म्हातारे, मुले, अनोळखी माणसे एकाच पाण्यात उतरतात आणि विनामूल्य जागी कोणालाही वारंवार येता येते. रोजच्या पोहणाऱ्यांकडे त्या जागेचे बारीक ज्ञान असते: पुरानंतर वाळू कोठे सरकली, कोणत्या खडकापाशी भोवरा धरतो, कोठे उडी मारता येते आणि कोठे ओंडका अडकून बसला आहे. हे ज्ञान सहसा कोठे लिहिलेले नसते, ते पाण्यातच एकाकडून दुसऱ्याकडे जाते. एखाद्या डोहावर एक पिढीभर बंदी राहिली की ते लुप्त होते, नवख्याला हटकणारे कोणी उरत नाही आणि ती जागा खरोखरच धोक्याची बनते. पाणी बिघडल्याची पहिली ओरडही बहुधा पोहणाऱ्यांचीच असते. म्हणून वापर हाच जतनाचा पाया मानला पाहिजे.

धोके व दर्जा. जुन्या शहरांत पावसाचे पाणी आणि मैलापाणी एकाच गटारातून वाहते. जोराचा पाऊस आला की गटार भरते आणि ते मिश्रण प्रक्रियेविना नदीत सुटते. शेतातील नत्र व स्फुरद वाहून आल्याने नीलहरित शैवाल माजते आणि त्याच्या काही जाती विषारी असतात. युरोपीय संघाच्या २००६च्या निर्देशानुसार पोहण्याच्या पाण्याची उत्कृष्ट, चांगले, पुरेसे आणि निकृष्ट अशी वर्गवारी होते. नद्या-तळ्यांसारख्या गोड्या पाण्याला ‘उत्कृष्ट’ दर्जासाठी १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय जिवाणूंची मर्यादा ५०० आणि आंत्र-एन्टरोकॉकायची २०० आहे; हे दोन्ही आतड्यांतील जिवाणू असून पाण्यात मैला मिसळल्याची खूण मानले जातात.

हक्क आणि जबाबदारी. पाणी स्वच्छ असूनही जागा हातची जाते, ती बहुधा खाजगी कुंपणामुळे किंवा नुकसानभरपाईच्या भीतीमुळे. नॉर्वेच्या १९५७च्या कायद्याने आणि स्कॉटलंडच्या २००३च्या कायद्याने खुल्या निसर्गातील वावराचा हक्क पाण्यालाही लागू केला. भीतीचा मुद्दा अवघड आहे, कारण ती निराधार नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्युमुखी पडली. इंग्लंडमधील एका सार्वजनिक उद्यानाच्या तळ्यात १९९५ मध्ये उथळ पाण्यात सूर मारल्याने एका तरुणाला गंभीर इजा झाली, तेव्हा लोकांनी पाण्यात उतरू नये म्हणून तेथील वाळूचे किनारे झाडी लावून बुजवण्याची योजना आधीच ठरलेली होती. २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तेथील सर्वोच्च न्यायपीठ) त्याचा भरपाईचा दावा फेटाळला. उघड दिसणारा धोका प्रौढ माणसाने स्वतःहून पत्करला असेल, तर त्यासाठी इतर सर्वांचा निरुपद्रवी आनंद हिरावून घेण्याचे बंधन स्थानिक संस्थेवर येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. २००५ मध्ये हॅम्पस्टेडच्या पोहणाऱ्यांनीही हिवाळ्यात जीवरक्षकाविना, स्वतःच्या जोखमीवर पोहण्याची मुभा न्यायालयातून मिळवली. हे दोन्ही निकाल प्रौढांपुरते आहेत. मुलांसाठी पोहण्याचे शिक्षण, खोलीच्या खुणा आणि देखरेख यांना पर्याय नाही.

पुनरुज्जीवन. पॅरिसमध्ये सेन नदीत पोहण्यावर १९२३ पासून असलेली बंदी शतकानंतर उठली आणि जुलै २०२५ मध्ये तीन सार्वजनिक जागा खुल्या झाल्या. त्यामागे पावसाचे व गटाराचे पाणी साठवून ठेवणारी सुमारे ५०,००० घनमीटरची भूमिगत टाकी आणि इतर मोठी सांडपाणी-कामे होती. तरीही मुसळधार पावसानंतर तेथे पोहणे थांबवावे लागते. कोपनहेगनने गटारांची सुधारणा करून २००२ मध्ये बंदरात पहिले स्नानस्थळ सुरू केले.

जतनाची गुंतागुंत अमेरिकेतील ऑस्टिन शहरातील बार्टन स्प्रिंग्ज या झऱ्यांवर भरणाऱ्या पोहण्याच्या तलावात स्पष्ट दिसते. तेथील झऱ्यांचे पाणी वर्षभर सुमारे २० ते २१ अंश असते. झऱ्यांना पाणी पुरवणाऱ्या चुनखडकाच्या प्रदेशावर डांबर आणि काँक्रीट पसरू लागले, तेव्हा १९९२ मध्ये नागरिकांनी मतदानाने अशा आच्छादनावर मर्यादा घालणारा नियम मंजूर करून घेतला. याच झऱ्यांत राहणारा एक सॅलमँडर (सरड्यासारखा दिसणारा उभयचर प्राणी) १९९७ मध्ये संकटग्रस्त ठरला, आणि मग प्रश्न पोहणाऱ्यांच्याच वावराचा उभा राहिला. शेवाळ घासून काढले नाही तर पायऱ्या निसरड्या होतात; घासताना पाणी फार उतरवले तर तो प्राणी उघडा पडतो. त्यामुळे आता तेथील सफाई क्लोरीनविना होते, त्यासाठी तलाव ठरावीक दिवशी बंद ठेवला जातो, आणि पाण्याची पातळी किती व केव्हा उतरवायची हे वन्यजीव खात्याने घातलेल्या अटींना धरून ठरते.