मार्कस मॉर्टन 'एका मताने' जिंकले, पण एव्हरेटना एका मताने हरवून नव्हे

'एका मताची किंमत' सांगणाऱ्या याद्यांमध्ये १८३९ची अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याची निवडणूक हटकून असते: मॉर्टन एका मताने गव्हर्नर झाले, एक मतदार घरी बसला असता तर हरले असते. वाचायला झकास, पण हिशेब तसा नाही.

डेमोक्रॅट मॉर्टनना ५१,०३४ मते पडली, व्हिग पक्षाचे विद्यमान गव्हर्नर एडवर्ड एव्हरेट यांना ५०,७२५. म्हणजे फरक ३०९ मतांचा. मग 'एक मत' आले कुठून? तेव्हा तिथे नुसती आघाडी पुरत नसे, निम्म्याहून अधिक मते लागत. इतरांची ३०७ धरून एकूण १,०२,०६६; निम्मी ५१,०३३. मॉर्टन या रेषेच्या एकाने वर. रेषा हुकली असती तर निवड विधिमंडळाकडे गेली असती, आणि तिथे जोर व्हिगांचा.

आता तो घरी बसणारा मतदार. मॉर्टनचे एक मत कमी झाले की एकूणही एकाने घटते: १,०२,०६५पैकी ५१,०३३. बहुमत शाबूत! दोघे घरी बसते तर मात्र पंचाईत होती.

खरे तर चर्चा व्हायला हवी ती दारूची. एव्हरेटनी सही केलेल्या १८३८च्या कायद्याने कडक दारू एका वेळी १५ गॅलनहून कमी प्रमाणात विकायला बंदी घातली होती. पिंप परवडणाऱ्यांची सोय झाली, पेलाभर पिणारे खवळले. मॉर्टनना त्याचा चांगलाच फायदा झाला.