कुंकू काळं का दिसायचं? कॅमेऱ्याच्या तीन आकड्यांची पार्श्वभूमी

पुण्यातल्या पेठांमधल्या घरांत पणजी-पणजोबांचे जे जुने फोटो जपलेले आहेत, ते जवळून पाहावेत. चेहरे ताठ, फोटो अंगणातला असेल तर आभाळ कोरं पांढरं, आणि पणजीच्या कपाळावरचं कुंकू चक्क काळं. हे काही फोटोग्राफरने ठरवून केलेलं नसे. त्या काळी फोटो प्रकाशाला दाद देणारं रासायनिक मिश्रण लावलेल्या काचेवर उमटे, त्या काचेला लाल रंग दिसतच नव्हता आणि निळा वाजवीपेक्षा जास्त दिसे. हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये मिश्रणात रंगद्रव्य घालून काचेला हिरवाही दिसेल अशी सोय केली. लाल धड दिसायला विसावं शतक उजाडावं लागलं.

आज शटर (प्रकाश किती वेळ आत घ्यायचा), ॲपर्चर (लेन्सचं भोक किती मोठं ठेवायचं) आणि आयएसओ (प्रकाशाला किती लवकर दाद द्यायची) आपण हौसेने फिरवतो. पण हे तिन्ही आकडे अडचणीतून आलेले आहेत, आणि फोटोचं रूप त्या अडचणींनीच घडवलं, असं मला ठामपणे वाटतं.

सुरुवातीला शटर नव्हतंच. लेन्सवरचं झाकण काढायचं, थांबायचं, परत लावायचं. फोटोग्राफीचा एक जनक, फ्रान्सचा दागेर, याने १८३८ च्या सुमारास पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढला. त्यात रस्ता ओस पडलेला दिसतो, कारण काही मिनिटांच्या त्या अवधीत चालणारी माणसं, घोडागाड्या त्याच्या चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटल्याच नाहीत. बूट पुसून घ्यायला एका जागी थांबलेला माणूस तेवढा उरला. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड तिच्याशी संबंधित होते. तेव्हा काचेवरचं मिश्रण ओलं असतानाच फोटो काढायचं तंत्र आलं होतं, तरीही काही सेकंद निश्चल बसणं भाग होतं. डोकं हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावत. ते ताठ चेहरे बऱ्याच अंशी या टेकूचे आहेत.

मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. पुढे ती सुधारत गेली आणि झाकण उघडं ठेवायचा वेळ सेकंदाच्या अंशावर आला. आता हाताने झाकण काढून लावणं जमेना, म्हणून यांत्रिक शटर गरजेचं झालं. १८७८ मध्ये मायब्रिज या फोटोग्राफरने धावत्या घोड्याचे चारही पाय हवेत असलेला क्षण पकडला.

लक्ष्मी रोडवरच्या विसर्जन मिरवणुकीत हा इतिहास डोळ्यांसमोर उभा राहतो. सेकंदाच्या १/१००० ला ढोलावर पडणारं टिपरू हवेत गोठतं, गुलालाचा कण न् कण दिसतो. १/३० ला तेच टिपरू पंख्यासारखं पसरतं आणि वादकाचा चेहरा स्थिर असेल तर तेवढाच स्वच्छ राहतो. मला दुसरा फोटो जास्त खरा वाटतो, त्यात ठेका दिसतो.

ॲपर्चरची गोष्ट वेगळी. जुन्या लेन्स कडांना अंधूक प्रतिमा देत, म्हणून कडा झाकून फक्त मधल्या भागातून प्रकाश घेत. जॉन वॉटरहाउस या इंग्रजाने १८५८ मध्ये वेगवेगळ्या भोकांच्या पितळी पट्ट्या लेन्सच्या खाचेत सरकवण्याची पद्धत काढली. भोक लहान केलं की पुढचं-मागचं बरंच काही स्पष्ट येतं. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या लेन्सला एफ/२ वर भोक त्याच्या निम्मं, म्हणजे २५ मिलिमीटरचं असतं, एफ/१६ वर सोळावा भाग, जेमतेम ३. दिवे घाटात वळणावळणाने चढणारी पालखीची रांग पहिल्या पताकेपासून शेवटच्या वळणापर्यंत हवी असेल तर एफ/११ च्या आसपास जावं लागतं. एका वारकऱ्याच्या कपाळावरचा बुक्का हवा असेल तर एफ/२. यातलं काय सुंदर, यावरून मोठे वाद झाले. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरेंनी धूसर, चित्रासारख्या फोटोंविरुद्ध गट काढला आणि त्याला नावच ‘एफ/६४’ दिलं, म्हणजे अगदी बारीक भोकाचा आकडा.

आयएसओ मूळचा कारखान्यांतला हिशेब. फिल्म प्रकाशाला किती लवकर दाद देते, हे मोजण्याची जर्मनीची डीआयएन पद्धत १९३४ ची, अमेरिकेची एएसए १९४३ ची. १९७४ मध्ये दोन्ही एकत्र येऊन आयएसओ झालं. फिल्मच्या काळात कॅमेऱ्यात घातलेला रोल संपेपर्यंत हा आकडा बदलत नसे. १९६० मध्ये प्रभातच्या जागेवर सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या छायालेखकांच्या पिढ्या म्हणूनच प्रकाश मोजणारं लाइट मीटर हातात घेऊन घडल्या. वेगवान फिल्मवर दाणे मोठे दिसत. डिजिटलमध्ये प्रत्येक फोटोला आकडा बदलता येतो, पण संध्याकाळी अलका चौकात १/१००० चा हट्ट धरला तर आयएसओ चढवावा लागतो आणि काळ्या भागात खरखर दिसू लागते.

मोबाइलमध्ये बहुधा भोक ठरावीकच असतं. ‘पोर्ट्रेट’मधलं मागचं धूसरपण सॉफ्टवेअर अंदाजाने रंगवतं, त्यामुळे गजऱ्याच्या सुट्या कळ्या किंवा कानामागची बट कधी कधी पार्श्वभूमीबरोबरच पुसली जाते. मोठ्या भोकाच्या लेन्समध्ये तीच बट अंतराप्रमाणे हळूहळू विरते.