शॉकअप धक्का शोषत नाही

कोल्हापुरातून फुलेवाडी, बालिंगे, कळे, साळवण असे करत गगनबावड्याला पोहोचायला साधारण ५५ किलोमीटर पडतात. गेल्या पावसाळ्यानंतर या रस्त्याने जाऊन आल्यावर मी गाडी घरासमोर लावली, स्टिअरिंग आधी एका आणि मग दुसऱ्या बाजूला पूर्ण वळवले आणि पुढच्या दोन्ही चाकांमागे हात घालून शॉकअपच्या नळ्या चाचपून पाहिल्या. (ब्रेकची तबकडी शेजारीच असते आणि ती चांगलीच पोळते, त्यामुळे हात बेताने घालावा.) उजवी नळी स्पष्टपणे कोमट लागली, डावी मात्र जवळजवळ गार होती. बिघाड असलेली वस्तू तापते असा आपला सर्वसाधारण अनुभव असल्याने कोणीही उजवीकडेच संशयाने पाहील; पण निकामी झाली होती ती गार राहिलेली डावी नळी.

हे उलटे का, याचे उत्तर शॉकअपच्या नावातच हरवले आहे. ‘शॉक अ‍ॅब्सॉर्बर’ या शब्दाचे गॅरेजमधल्या तोंडी झालेले रूप म्हणजे शॉकअप, आणि त्या नावामुळे खड्ड्याचा धक्का हीच नळी झेलते असा समज पक्का झाला आहे. प्रत्यक्षात धक्का झेलते ती तिच्याभोवतीची स्प्रिंग. चाक उंचवट्यावर चढले की स्प्रिंग दबते, आणि जितकी अधिक दबते तितक्याच प्रमाणात ती अधिक जोराने उलट ढकलते. रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम तो हाच. मात्र स्प्रिंग उसनवारीत फार चोख असते. घेतलेली ऊर्जा ती जवळजवळ पूर्णपणे आणि लगेच परत करते, त्यामुळे एकट्या स्प्रिंगवर ठेवलेली गाडी एका खड्ड्यानंतर झोपाळ्यासारखी खालीवर होत राहील.

ही हालचाल किती वेगाची असते, हे एका साध्या हिशेबाने कळते. छोट्या गाडीच्या पुढच्या एका चाकावर अंदाजे २५० किलोचा भार येतो आणि स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला २० न्यूटन बल लागते असे धरले, तर गाडीचा तो कोपरा सेकंदाला सुमारे १.४ वेळा खालीवर होतो. शॉकअप ठणठणीत असेल तर १० सेंटिमीटरचा झोका एका फेरीनंतर दीड सेंटिमीटरहून कमी उरतो आणि दुसऱ्या फेरीत तो जाणवतही नाही. त्याची रोधक्षमता एक तृतीयांशावर आली, तर तोच झोका एका फेरीनंतर पाच सेंटिमीटरहून थोडा अधिक, म्हणजे निम्म्याने शिल्लक असतो. बॉनेटचा कोपरा हाताने दाबून सोडायचा आणि डोल मोजायचे, ही मेस्त्री लोकांची जुनी परीक्षा यावरच उभी आहे. ती चुकीची नाही, पण आपण हाताने दाबतो तो वेग खड्ड्यातल्या वेगाच्या मानाने फारच कमी असल्याने तीत नापास होतो तो जवळपास मेलेला शॉकअप; अर्धवट गेलेला सहज निसटतो.

नळीच्या आत तेल असते आणि त्या तेलातून दांड्याच्या टोकाला बसवलेला एक दट्ट्या खालीवर सरकतो. दट्ट्याला बारीक भोके आणि पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा असतात. पाण्याने भरलेली इंजेक्शनची सिरिंज हळू दाबली तर सहज रिकामी होते आणि एकदम दाबायला गेले तर अंगठा दुखतो; शॉकअपचा विरोधही असाच दट्ट्याच्या वेगाबरोबर वाढत जातो. अरुंद वाटेतून रेटलेल्या तेलात घर्षण होते, स्प्रिंगने परत केलेली ऊर्जा तिथे उष्णता होऊन संपते आणि नळीच्या पत्र्यातून हवेत जाते. गाडीचा एक कोपरा पाच सेंटिमीटर खाली आपटला तर सुमारे १२० ज्यूल ऊर्जेची विल्हेवाट लावावी लागते. तेवढ्याने पाव लिटरहून थोड्या अधिक तेलाचे तापमान जेमतेम पाव अंशाने वाढेल. पण असे शंभर खड्डे लागोपाठ आले आणि उष्णतेला बाहेर पडायला सवड मिळाली नाही, तर हिशेब पंचवीस अंशांवर जातो. उजवी नळी कोमट होती कारण ती काम करत होती. डावीने गगनबावड्यापर्यंत काहीच केले नव्हते.

पुढच्या चाकांचा शॉकअप हा नुसता शॉकअप नसतो, हेही इथेच सांगायला हवे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धानंतर स्प्रिंग, शॉकअप आणि चाकाला वरून मिळणारा आधार या तिन्ही गोष्टी एकाच उभ्या खांबात बसवल्या, आणि १९५० मध्ये ब्रिटनमधील फोर्डच्या कॉन्सल व झेफर या मोटारींतून ती रचना मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आली. आपल्याकडे १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मुळे ती घरोघरी पोहोचली. या खांबालाच स्ट्रट म्हणतात. जागा आणि पैसा दोन्ही वाचत असल्याने छोट्या गाड्यांनी ही रचना उचलली. मात्र चाकाचा आडवा रेटाही स्ट्रटच्याच दांड्यावर येतो, म्हणून तो साध्या शॉकअपच्या दांड्याहून जाड असतो.

दांडा नळीत शिरतो तिथे रबरी सील असते आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून रबराचे घडीदार मोजे असतात. हे मोजे फाटले की पश्चिमेकडच्या तालुक्यांतील तांबडी माती पावसाच्या पाण्याबरोबर थेट गुळगुळीत क्रोम दांड्यावर येते, प्रत्येक खड्ड्याला सीलवर घासली जाते, आणि तेल झिरपू लागते. तेलाची पातळी उतरली की दट्ट्याच्या वाटेत हवा येते, फेस होतो, आणि फेसाला भोकातून रेटायला जोर लागत नाही. हे सारे दोन-चार वर्षांत इतक्या सावकाश घडते की चालवणाऱ्याचा हात नकळत त्याला सरावतो. टायर मात्र सरावत नाही. चाकाची स्वतःची थरथर सेकंदाला दहा-पंधरा वेळांची असते. ताशी ३६ किलोमीटर वेगाने एक-एक मीटरवर उंचवटे असलेल्या रस्त्यावरून गेलात तर नेमके दहा धक्के सेकंदाला बसतात. ही थरथर शमली नाही तर चाक रस्त्याला धरून न राहता टपटप उड्या मारते, टायर ठिकठिकाणी खोलगट झिजतो आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला अधिक अंतर घेते. कारण जे रबर त्या क्षणी रस्त्यावर दाबलेले नाही, ते गाडी थांबवू शकत नाही.

बदलण्याचे बहुतेक काम घरी होते. माझ्या अठरा वर्षांच्या गाडीला एक पूर्ण रविवार लागला. जमीन सपाट आणि पक्की हवी. अंगणातल्या मातीत जॅक खचतो. मागच्या चाकांना उटी (अडसराचे दगड) लावून, चाकाचे नट जमिनीवरच सैल करून गाडी उचलावी आणि जॅक स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हातसुद्धा घालू नये. चाक काढल्यावर ब्रेकच्या रबरी नळीची पट्टी आणि लिंक रॉड (वळणावर गाडीचे कलणे आवरणाऱ्या दांडीचा जोड) सुटा करायचा. मग खाली, चाकाचा हब धरणाऱ्या ओतीव भागाला, म्हणजे नकलला, स्ट्रट दोन जाड बोल्टांनी जखडलेला असतो. असे ओतकाम ही कोल्हापूरच्या फौंड्रींची खासियत, आणि तरीही गंजलेल्या बोल्टपुढे कोल्हापूरकराचे काहीच चालत नाही. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारून ठेवणे एवढाच उपाय. बोल्ट निघाले की नकल बाहेर कलंडते. तिला दोरीने वर बांधावे, ब्रेकच्या नळीवर लोंबू देऊ नये.

बॉनेट उघडले की स्ट्रटचे वरचे टोक दिसते. माझ्या गाडीत कडेला तीन छोटे नट आहेत आणि मध्ये एक मोठा. कडेचे तीन काढले की स्ट्रट खाली उतरतो. मधल्याला हात लावायचा नाही, आणि या लेखातली एवढी एकच गोष्ट मी पुन्हा सांगणार आहे: मधल्याला हात लावायचा नाही. चाक हवेत लोंबत असले तरी स्प्रिंग मोकळी झालेली नसते. खालची ताटली आणि वरचे माउंटिंग, म्हणजे स्ट्रट गाडीला जोडणारा भाग, यांच्यामध्ये ती दाबूनच बसवलेली असते, आणि तिला धरून ठेवणारा तो एकटा नट असतो. आधीच्या हिशेबातलीच स्प्रिंग सुटी करण्यासाठी १५ सेंटिमीटर दाबली, तर ती ३००० न्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो वजनाइतक्या जोराने रेटते आणि तिच्यात २२५ ज्यूल ऊर्जा साठते. त्यातली निम्मी जरी एक किलोच्या माउंटिंगला मिळाली, तरी ते ताशी पन्नासहून अधिक किलोमीटर वेगाने सुटेल, आणि बहुधा वाकून पाहणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेने. स्प्रिंग दाबून धरणारे, हुकासारखे आकडे असलेले स्प्रिंग कॉम्प्रेसर भाड्याने मिळतात, ते समोरासमोर लावून आळीपाळीने थोडे थोडे आवळता येतात. पण आकडा निसटला तर काय होईल हे वरच्या हिशेबात आहे. मी दोन्ही स्ट्रट रिक्षात घालून उद्यमनगरात नेले, तिथल्या गॅरेजमध्ये भिंतीला जखडलेल्या प्रेसवर स्प्रिंगा उतरवून नव्या स्ट्रटवर चढवून घेतल्या, आणि हा खर्च मला अजिबात जड वाटला नाही. माउंटिंगची बेअरिंग त्याच वेळी नवी घातली. तेवढ्यासाठी पुन्हा हे सगळे खोलण्यात अर्थ नाही. शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत, कारण एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा थकलेला असेल तर वळणावर दोन्ही कोपरे वेगवेगळ्या वेळी सावरतात.

नवा स्ट्रट दुकानात आडवा पडलेला असतो, त्यामुळे आतला वायू तेलाच्या जागी सरकलेला असू शकतो. स्प्रिंग चढवण्याआधी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडावा. त्या वेळी दांडा पकडीने धरण्याचा मोह आवरावा. क्रोमवर पडलेला केसाएवढा ओरखडा सील कापत राहतो.

बसवताना एक बारकावा आहे. नकलचे दोन बोल्ट एकमेकांपासून ६० मिलिमीटरवर आहेत आणि एका भोकात एक मिलिमीटर ढिलाई आहे असे समजा. तेवढ्याने चाकाचा उभा कल जवळजवळ एक अंशाने बदलतो. म्हणून काढण्याआधी बोल्ट, स्ट्रट आणि नकल यांवर खुणेची रेघ मारावी, बसवताना ती जुळवावी, बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क रेंचवर (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यावर) आवळावेत आणि तरीही दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट करून घ्यावे, कारण कल बदलला की चाकांची दिशाही थोडी बदलते.

संध्याकाळी हात धुऊन झाल्यावर जुने दोन्ही स्ट्रट रद्दीच्या कागदावर भिंतीशी उभे केले आणि दांडे तळहाताने खाली दाबले. उजवा दांडा कुरकुरत, सावकाश पूर्ण वर आला. डावा लोण्यात सुरी शिरावी तसा आत गेला. सकाळी दूध घ्यायला बाहेर पडलो तेव्हा तो तिथेच, आतच होता, आणि खालच्या कागदावर तळहाताएवढा काळा डाग पसरला होता.