गरम अन्न फ्रीजमध्ये ठेवायचं नाही?

आठवड्याचा स्वयंपाक एकदम करून फ्रीझरमध्ये ठेवला की वेळ वाचतो, इंधन वाचतं, बाहेरून मागवण्याचा खर्चही टळतो. पण त्यात एक जुना समज आडवा येतो: अन्न पार गार झाल्याशिवाय फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, नाहीतर नासतं. म्हणून भरलं पातेलं रात्रभर ओट्यावर राहतं.

नासायला खरं कारण होतं ते हे रात्रभर राहणंच. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. शिजवल्याने सगळे मरतात असंही नाही. भातात सापडणाऱ्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक, सुप्त रूपं, उकळूनही तगतात आणि भात बराच वेळ कोमट राहिला की त्यांतून जिवाणू वाढून विष सोडू शकतात. उलट्या करवणारं ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. त्यामुळे ‘सकाळी चांगलं उकळू’ हा उपाय इथे कुचकामी.

समजात तथ्य एवढंच, की उकळतं मोठं पातेलं तसंच आत कोंबलं तर शेजारचं अन्न तापतं आणि पातेल्याचा मध्यभाग तासन्‌तास गरम राहतो. दोष पातेल्याच्या आकाराचा! रस्सा पसरट डब्यांत दोन बोटं खोलीइतकाच ओता, डबा थंड पाण्यात टेकवून ढवळा, वाफ ओसरली की झाकण लावून आत. शिजल्यापासून दोन तासांत हे उरकायचं. फ्रीझर उणे १८ अंशांवर हवा. तिथेही बहुतेक जिवाणू मरत नाहीत, नुसते थांबतात. म्हणून गोठलेला डबा वितळवायचा तोही ओट्यावर नाही, आदल्या रात्री फ्रीजच्या कप्प्यात.