चिसासिबी : न बुडालेल्या बेटावरून उठलेले गाव

धरणग्रस्त म्हटले की पाण्याखाली गेलेले गाव डोळ्यांपुढे येते. कॅनडात, क्वेबेक प्रांताच्या उत्तरेला जेम्स उपसागराकाठच्या क्री या आदिवासी लोकांचे फोर्ट जॉर्ज मात्र बुडाले नाही. ला ग्रांद नदीच्या मुखाशी ते बेट अजून आहे. उठली ती माणसे.

बेटावर वस्ती जमली ती केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या वखारीभोवती. हिवाळाभर कुटुंबे आत रानात आपापल्या शिकारभूमीवर असत आणि उन्हाळ्यात कातडी घेऊन वखारीवर उतरत. कातड्यांच्या हावेपायी बीव्हर हे पाणथळ जागी राहणारे प्राणी जवळपास संपले, तेव्हा 1930 च्या दशकापासून राखीव राने आखली गेली. प्रत्येक शिकारभूमीच्या जाणत्याकडे बीव्हर मोजण्याचे काम आले. ‘टॅलीमन’ हे नाव तेव्हाचे. मोजणी मागे पडली, पण रानाबाबत शब्द आजही त्याचाच चालतो. त्याच दशकात बेटावर मिशनच्या निवासी शाळा निघाल्या आणि मुले घरापासून, भाषेपासून तुटली.

तरी क्री भाषेची लिपी टिकली. 1840 च्या सुमारास मिशनरी जेम्स इव्हान्स यांनी छापलेल्या या लिपीत अक्षराचा आकार फिरवला की स्वर बदलतो. तिच्यामागे लघुलिपीबरोबर देवनागरीचीही प्रेरणा असावी, असे काही अभ्यासक मानतात. क्री परंपरा मात्र तिचे श्रेय आपल्याच एका पूर्वजाला देते.

30 एप्रिल 1971 ला क्वेबेकचे मुख्यमंत्री रोबेर बुरासा यांनी जेम्स बे जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. ज्यांच्या नद्या, त्यांना आधी विचारलेच नव्हते. क्री कोर्टात गेले. नोव्हेंबर 1973 मध्ये न्यायमूर्ती आल्बेर मालूफ यांनी काम थांबवले. आठवडाभरात वरच्या कोर्टाने तो आदेश उठवला. अखेर 11 नोव्हेंबर 1975 ला सरकारशी करार झाला. क्री आणि त्यांच्या उत्तरेचे आदिवासी इनुइट यांना मिळून 22.5 कोटी डॉलर भरपाई, शिकारीचे हक्क, शिकारीवर जगणाऱ्यांना उत्पन्नाची हमी आणि क्री शाळा मंडळ, असे बरेच काही त्यात होते. मागे धरणाचे काम चालू असताना झालेली ही वाटाघाट होती, हे विसरून चालत नाही.

ईस्टमेन आणि कानियापिस्को या नद्यांचे पाणी वळवल्याने ला ग्रांदचा सरासरी प्रवाह जवळपास दुप्पट होणार होता. बेटाचे काठ ढासळतील, या भीतीने 1980-81 मध्ये गाव नदीच्या दक्षिण काठावर हलले. कित्येक घरे तर उचलूनच नेली. नव्या गावाचे नाव चिसासिबी, म्हणजे मोठी नदी. ला ग्रांद या नदीच्या फ्रेंच नावाचा अर्थही तोच. पुढे जलाशयातल्या माशांत पारा वाढला आणि रोजच्या जेवणातलाच मासा जपून खायची वेळ आली. हिवाळ्यात वीज जास्त लागते म्हणून पाणीही तेव्हाच जास्त सुटते. मग नदीमुखाशी पूर्वीसारखा भरवशाचा बर्फ धरत नाही.

वसंतात हंस उत्तरेकडे परतू लागले की आजही शाळांना सुट्टी असते आणि गाव रिकामे होऊन रानात जाते. उन्हाळ्यात होड्या जुन्या बेटाला लागतात. तिथे तंबू पडतात, मेजवान्या झडतात.